एका अंशाचे चाळीस भाग

आपा नसत्या तर आज मी हे लिहायला इथे नसते. तेल्हाऱ्याच्या आसपास कुठल्या तरी घरात, मला न विचारता ठरवलेल्या संसारात असते. म्हणून काय झालं ते सांगायच्या आधी ज्यांनी हात दिला त्यांचं नाव घेते. आपा. अकोल्याच्या. तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी रोज सकाळी कामावर आल्या आल्या संगणकावर अरबी समुद्राचा नकाशा उघडायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि विचारायच्या, "सांगा व पोरींनो, आज कोनाचा मासा सुक्यावर आला?"

याचा अर्थ सांगायला हवा. दूरच्या किनाऱ्यावरच्या एका संस्थेने फार वर्षांपूर्वी बोटी पाठवून समुद्राची पाहणी केली होती. जाळं कुठल्या जागी टाकलं, तिथे पाणी किती खोल, जाळ्यात कोणते मासे, खेकडे, झिंगे आले, हे सगळं कार्डांवर हाताने लिहिलेलं. त्या कार्डांचे फोटो आमच्या पडद्यावर यायचे आणि आम्ही बारा-तेरा मुली ते बघून टाइप करायचो. टाइप केलेलं एका वेबसाइटवर चढायचं. तिथे जगाच्या नकाशावर एकेका कार्डाचा एकेक ठिपका उमटायचा. ठिपक्यावर क्लिक केलं की माशाचं नाव, तारीख, खोली. जगातल्या कुणीही तो बघावा, उतरवून घ्यावा, अभ्यास करावा, फुकट. आता टाइप करताना जागेचा आकडा चुकला की ठिपका पाणी सोडून जमिनीवर पडायचा. तो मासा सुक्यावर आला. मग आपा त्या मुलीला उभी करून म्हणायच्या, "तडफडून राहिला ना तो गरीब. जा, पान्यात टाकून ये."

अकोल्यात समुद्राचं काम कसं आलं, असं आता इथले, किनाऱ्यावरचे लोक मला विचारतात. जसं सगळं काम येतं तसं, ठेक्याने. आमचा ठेकेदार, त्याला आम्ही सर म्हणायचो, त्याने आधी सातबारा टाइप करायचा ठेका घेतला होता. आपा तेव्हापासूनच्या, आम्ही टाइप केलेलं तपासायच्या त्याच. कित्येक वर्षं त्यांनी लोकांची शेतं टाइप केली होती. जमीन संपली आणि समुद्र आला, एवढंच. ती वर्षं आमच्या भागाला वाईट होती. गावात पाहुणे म्हणून यायचे ते टीव्हीवाले नाहीतर पाहणीवाले. कापसाच्या जिनिंगा एकामागून एक बंद पडत होत्या. तशाच एका बंद जिनिंगच्या गोदामावर आमचं सेंटर होतं. एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना प्लायवुड ठोकलेलं. कीबोर्डच्या खाचांतून अजून रुई निघायची. संगणक चोरीला जातील म्हणून दाराला बाहेरून कडी, आणि बाहेर जायचं तर चौकीदाराला हाक मारायची. मोबाइल दारातल्या पत्र्याच्या डब्यात. आत दिवस आहे की संध्याकाळ ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावरून कळायचं.

आपा मुलींना नावाने हाक मारत नसत. ज्या तालुक्याची मुलगी तेच तिचं नाव. "ए भातकुली, किती खडखड वाजवतं, हळू टाइप कर." "दर्यापूर, डबा झाकून ठेव, वास येऊन राहिला." मी तेल्हारा. पहिल्या दिवशी मला राग आला. मी म्हटलं, "मला नाव आहे." तर म्हणाल्या, "आहे ना. पन सर तुले नंबरानं बोलावनार, बारा नंबर. म्या निदान गाव तरी ठेवलं." त्यानंतर मी त्यावरून कधी बोलले नाही. खोटं कशाला सांगू, त्या बंद खोलीत दिवसातून दहा वेळा आपल्या तालुक्याचं नाव ऐकू यायचं, त्याने आत कुठेतरी बरं वाटायचं. आणि भीतीही वाटायची. कारण तेल्हारा म्हटलं की परत जायचं आठवायचं.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. नववीत दिवाळीनंतर कापूस वेचायला माणूस मिळेना. आई म्हणाली, एवढा हंगाम ये. वेचणी लांबली. संपली तोवर परीक्षा होऊन गेली होती, आणि मग शाळेत जायचं कुणी म्हटलं नाही, मीही नाही. पुढे तालुक्याला टायपिंग शिकले. हात चांगला बसला. सेंटरला दहावी पास मुली हव्या होत्या. मी सांगितलं, दहावी पास आहे, मार्कशीट घरी आहे, आणते. "आणते, आणते" म्हणत चार महिने काढले. अकोल्यात आत्याकडे राहायची. आत्याच्या घरून जिनिंग, जिनिंगवरून आत्याचं घर, मधे दुसरा रस्ता नाही. काकांनी एक स्थळ धरून ठेवलं होतं, माझ्याहून बरंच मोठं. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं. काम आहे तोवर राहा. काम सुटलं की गाडीत बस आणि ये, मांडव टाकू. म्हणजे ते काम हे माझं कुलूपही होतं आणि किल्लीही. एक चूक आणि गाडी.

त्यामुळे मी कुणाला काही विचारत नसे. विचारलं की आपलं शिक्षण उघडं पडतं. आपा मात्र सगळ्यांना सगळं विचारायच्या. त्यांना मासे म्हणजे खातेदार वाटत. कार्डावर माशाचं शास्त्रीय नाव असे, दोन शब्दांचं. मुली त्यातला एखादा शब्द खाऊन टाकत. आपा पडद्यावर लाकडी पट्टी ठेवून ओळ दाखवत. "पाम्पस अर्जेंटियस. पहिले आडनाव, मंग नाव. सरकारी रीत आहे. नुसतं पाम्पस लिहिलं तर कोनता पाम्पस? सातबाऱ्यात नुसतं 'पाटील' लिहून चालन का? अर्धं गाव उभं राहीन." संस्थेतून एकदा एक साहेब बघायला आले होते. आपांनी त्यांनाच विचारलं, "साहेब, पापलेट म्हनजे हाच ना? चवीले कसा असते?" साहेब म्हणाले, तुम्ही खाल्ला नाही? आपा म्हणाल्या, "अकोल्यात येतो तव्हा त्याच्या डोळ्यात पाहवत नाही साहेब, त्याले लय प्रवास झाला असते."

समुद्राबद्दल त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. म्हणायच्या, "समुद्र म्हनजे सरकारी पडीत. कोनाच्या नावावर नाही, म्हनून वहिवाट सगळ्यायची. आन् ज्याच्यावर सगळ्यायची वहिवाट असते ना पोरींनो, त्याचीच नोंद नीट पायजे. नाही तर खाऊन टाकतात." मुली हसायच्या. मलाही तेव्हा ते हसण्यावारीच वाटलं. मी फक्त ठिपके मोजायची. दिवसाचा कोटा पुरा झाला की आणखी एक दिवस मिळाला.

आता माझी चूक. माझ्या वाट्याला जो गठ्ठा आला तो जुना होता. इतरांच्या कार्डांवर अक्षांश-रेखांशांचे अंश आणि मिनिटं वेगळी, चिन्हांसकट लिहिलेली, त्यांचा हिशेब संगणकच करायचा. माझ्या कार्डांवर नुसता टिंब. १६.२०, ७३.२०, असं. सूचनेच्या कागदावर लिहिलं होतं, टिंबानंतरचे भाग दशांशात करून लिहा. किती भागांचा एक अंश, ते लिहिलं नव्हतं. दहावी झालेल्या मुलीला ते ठाऊक असणार, असं धरलेलं. मला ठाऊक नव्हतं. विचारायची सोय नव्हती. पण टिंबानंतरचे भाग मला नवे नव्हते. आमच्या घरी शेत तसंच सांगतात. दोन टिंब वीस म्हणजे दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर. माझे वडील, बापू, मला लहानपणी मोजणीला नेत, सगळ्या गल्लीचे गुंठे मी तोंडी करायची. तेव्हा मी म्हटलं, आहे की सोपं. ७३.२०, विसाला चाळीसनं भागायचं, झालं ७३.५०. पटापट जमत गेलं. कॅल्क्युलेटरही लागायचा नाही. उलट अभिमान वाटला.

कधी कधी टिंबापुढे अठ्ठेचाळीस यायचे, बावन्न यायचे. चाळीसच्या वर गुंठे कसे? मी थांबले नाही असं नाही. पण मग मीच समजूत काढली, की अठ्ठेचाळीस म्हणजे एक अंश आणि वर आठ, लिहिणाऱ्याने आळस केला असेल, बोट हलत असेल. मी त्याचा पुढचा अंश करून द्यायची. म्हणजे बघा, चूक माझी, आणि आळशी ठरवला मी समुद्रावरच्या त्या माणसाला. अशी अकराशे कार्डं केली. पहिली आठशे खोल समुद्रातली होती. ती चुकीच्या जागीही पाण्यातच पडली, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. तपासून, पक्की होऊन, नकाशावर चढली. मग गठ्ठ्यात किनाऱ्याजवळची कार्डं आली.

त्या सकाळी आपांनी नकाशा उघडला आणि रोजचा प्रश्न विचारलाच नाही. मग म्हणाल्या, "तेल्हारा, इकडे ये." मी गेले. देवगडसमोरचा समुद्र रिकामा होता आणि पन्नास-साठ ठिपके कोकणातल्या डोंगरात चढलेले होते. आणखी खाली, कारवारच्या बाजूचे तर घाट ओलांडून जंगलात. आपा हळूच म्हणाल्या, "एक-दोन पोरींचे एक-दोन पडतात. तुये सगळे एका रांगेत चालत गेले, वरातीसारखे. म्हनजे तू बेफिकीर नाही. तू काहीतरी नेमानं करून राहिली. सांग, एका अंशात किती भाग धरले?"

"चाळीस."

आपांनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतात की काय. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "या अल्ला," म्हणाल्या, "पोरीनं समुद्राचे गुंठे पाडले!" मग हसू एकदम थांबलं. चष्मा पुसला. खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि भातकुलीला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या, "साठ असतात बेटा. शाळेत शिकवतात. कुठवर झाली शाळा?"

"दहावी."

"खरं सांग."

"नववी. दिवाळीपर्यंत."

"कापूस?"

मी मान हलवली. वेचणीत शाळा गेलेली मी काही त्यांनी पाहिलेली पहिली मुलगी नव्हते. आपा म्हणाल्या, "हे कोनाले सांगू नको. मीबी नाही सांगत. पन ते आठशे नकाशावरून उतरवा लागतीन."

मी म्हटलं, आपा, ते तर पाण्यातच आहेत, दिसत नाहीत कुणाला. माझ्या तोंडून हे गेलं ते मला आजही टोचतं. आपा उठल्या आणि सरांच्या केबिनमध्ये गेल्या.

केबिन म्हणजे अर्धी काच. सगळं ऐकू यायचं. सर म्हणाले, "जमिनीवरचे तेवढे सरकवा ना पान्यात. खोल समुद्रात कोन पाहाले जाते, आपा? एकदा पास झालेला माल परत मागवता का? पुढचा ठेका जाईन माहा."

आपा म्हणाल्या, "सर, सातबाऱ्यात गुंठाभर इकडचा तिकडे झाला तर भाऊ भावाचं डोकं फोडते. माशाले भाऊ नाही म्हनून चालते का? उद्या पापलेट संपला तर लोक इचारतीन, पहिले कुठी राहत होता. तव्हा हाच कागद काढतीन. आपन त्यायले खोटं घर दाखवाचं?"

"ठीक आहे. कोनाचा गठ्ठा होता? नाव सांगा, तिले आत्ताच घरी पाठवतो."

मी माझ्या खुर्चीत होते. माझ्या आणि त्या काचेच्या मधे सहा पावलं असतील. मला उठता आलं असतं. मला गाडी दिसली, तेल्हाऱ्याचा स्टँड दिसला, काका दिसले. मी कीबोर्डवर हात ठेवून पडद्यावर बघत राहिले, जसं काही टाइप करतेय. माझी बोटं हलतसुद्धा होती. कोऱ्या रकान्यात मी आकडे टाइप करत होते आणि पुसत होते.

"तपासनी माही होती," आपा म्हणाल्या. "सही माही आहे. मंग नाव माहंच."

त्यांनी संस्थेला स्वतः कळवलं. मराठीत मजकूर लिहिला, सरांच्या भाच्याकडून इंग्रजीत करून घेतला, पाठवायच्या आधी ओळ ओळ समजून घेतली. अमुक कार्डापासून अमुक कार्डापर्यंत जागा चुकलेल्या आहेत, कारण एका अंशाचे साठऐवजी चाळीस भाग धरले गेले, दुरुस्ती करून देतो. संस्थेतल्या साहेबांनी उलट आभार मानले, तीन आठवडे दिले. पण सरांची मान खाली गेली ती गेली. त्यांनी आपांना सांगितलं, हे तीन आठवडे पुरे करा, एक तारखेपासून येऊ नका.

ते तीन आठवडे मी विसरू शकत नाही. आपा आणि मी शेजारी शेजारी बसून अकराशे कार्डं परत केली. मी चुकीचा आकडा खोडून बरोबर टाइप करायला गेले तर त्यांनी हातच धरला. "जुनी नोंद पुसत नसतात. फेरफार कसा करतात? जुन्याले कंस करतात आन् खाली नवं लिहितात. कोनी इचारलं तर दिसलं पायजे, आधी काय होतं, मंग काय झालं, काहून झालं." त्या वेबसाइटवर शेऱ्याचा एक रकाना होता, बाकी मुली तो रिकामा सोडायच्या. आम्ही अकराशे वेळा त्यात लिहिलं: आधीची जागा अमुक, चूक भागाकाराची, दुरुस्त केली. प्रत्येक ठिपका चुकीच्या जागेवरून उठून आपल्या पाण्यात बसला की आपा टेबलावर पट्टी वाजवायच्या. "चला, हा गेला घरी." मला 'घरी' हा शब्द ऐकवायचा नाही. त्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागल्या, "चला, हा सुटला."

जेवणाच्या सुट्टीत त्या चौकीदाराला हाक मारून बाहेरच्या लोखंडी जिन्यावर बसायच्या. भर उन्हाळ्यातसुद्धा. "त्या बंद डब्यात मासे भरावं, मानसं नाही," म्हणायच्या. त्या जिन्यावर त्यांनी मला भागाकार परत शिकवला, कोन शिकवला, घड्याळाच्या मिनिटांवरून अंशाची मिनिटं शिकवली. एक दिवस डब्यासोबत एक घडी केलेला कागद आणला. सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा. मी म्हटलं, आता कुठे, माझं वय, घरचे काय म्हणतील.

"काय म्हनतीन? अभ्यास करून राहिली म्हनतीन. लग्न पुढं ढकलाले याच्यापेक्षा चांगला बहाना आहे का व तुयाजवळ?"

मी हसले. कितीतरी महिन्यांनी.

"आयक," त्या म्हणाल्या. "तुले साठ माहीत नव्हते म्हनून तू मूर्ख नाहीस. चाळीस तरी कोनाले येतात? पन आता माहीत करून घेतलं नाही तर मात्र तू मूर्ख, आन् तुया संग मीबी."

शेवटच्या दिवशी शेवटचं कार्ड दुपारी संपलं. मग नकाशा उघडून आम्ही दोघींनी पाहिला. सगळे ठिपके पाण्यात, काही खोलात, काही किनाऱ्याला लागून, जसे असायला हवे तसे. आपांनी एकावर क्लिक केलं. नोंद उघडली. खाली एक रकाना होता, दुरुस्ती कुणी केली. तिथे सरांच्या फर्मचं नाव होतं. अकराशे नोंदींवर तेच. सरांनी एका झटक्यात सगळीकडे भरून टाकलं होतं. आपांनी ते वाचलं, पट्टी ओळीखाली धरून, जसं माशाचं नाव वाचायच्या तसं. मग नोंद बंद केली. "जाऊ दे. ठिपका बरोबर बसला ना." चौकीदाराने कडी काढली आणि त्या पिशवी सावरत जिना उतरल्या. मी आतच. माझा कोटा बाकी होता.

नोकरी माझी राहिली. तेच तर. फॉर्म भरला, पहिल्या वर्षी गणितात गेले, दुसऱ्या वर्षी सुटले. काकांनी धरून ठेवलेलं स्थळ कंटाळून दुसरीकडे गेलं. दहावीच्या त्या कागदावर, आणि त्या वेबसाइटचं काम येतं एवढ्यावर, मला किनाऱ्यावर काम मिळालं. अकोल्यापासून दीड दिवस लागतो इथे यायला. सकाळी बोटी लागतात तेव्हा धक्क्यावर उभं राहायचं, जाळ्यात काय आलं, कुठून आलं, बोट चालवणाऱ्या तांडेलाला विचारायचं आणि मोबाइलवर भरायचं. तो ठिपका त्याच नकाशावर जाऊन बसतो. माझ्या "मले-तुले"वर इथल्या कोळणी हसतात. "काय गो, तुझा समुद्र खंयचा?" म्हणतात. मी म्हणते, कापसाचा.

लोकांना वाटतं मी सुटले. समुद्र समोर आहे, खोलीला खिडकी आहे, दाराला बाहेरून कडी नाही. पण करार अकरा महिन्यांचा असतो, पुढचा मिळेलच असं नाही, आणि प्रत्येक दहाव्या महिन्यात मी त्याच खुर्चीत बसलेली असते, कीबोर्डवर हात ठेवून, आकडे टाइप करत आणि पुसत. त्या सहा पावलांतून मी अजून बाहेर आलेले नाही.

आपांशी फोनवर बोलणं होतं. त्या बहिणीकडे असतात, घरीच मुलांच्या शिकवण्या घेतात. डोळे अधू झालेत, भाचीला मोबाइल धरायला लावून नकाशा बघतात. फोन उचलला की पहिला प्रश्न, "आज काय निंघालं?" मी सांगते, बांगडा, सौंदाळा, थोडी कोळंबी. पापलेट? नाही आपा, यंदा फार कमी. त्यावर त्या "तरी मी म्हनत होतो," म्हणतात. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, मी म्हनतो, मी जातो. इथे ऐकलं की मला रडू येतं.

एकदा मी सगळा धीर गोळा केला. म्हटलं, "आपा, त्या दिवशी सरांनी नाव विचारलं तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं."

त्या म्हणाल्या, "हो. पायजे होतं."

एवढंच. जाऊ दे म्हणाल्या नाहीत, काही हरकत नाही म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, बांगड्याला अंडी होती का, ते लिहिलं का रकान्यात. मला त्या उत्तराचा राग आला नाही. दुसरं कुणी असतं तर खोटी समजूत घातली असती. आपांनी माझी नोंदसुद्धा आहे तशी ठेवली, पुसली नाही.

आता त्या वेबसाइटवर एक सोय आहे. कुणालाही आपल्या नावाने जुन्या नोंदींच्या खाली दुरुस्ती सुचवता येते. ती संस्थेकडे जाते, आणि तिथेच कायम दिसत राहते, सगळ्यांना, माझ्या इथल्या साहेबांनासुद्धा. मी ते पान किती वेळा उघडलं असेल. मजकूर माझा तयार आहे: या अकराशे नोंदींत चूक मी केली होती, ती शोधून दुरुस्त मात्र दुसऱ्या बाईंनी केली आणि त्यापायी त्यांचं काम गेलं, त्यांचं नाव इथे लावावं. पाठवायच्या बटणापाशी बोट जातं आणि दहावा महिना आठवतो.

पण आपांचे डोळे माझ्यासाठी थांबणार नाहीत, हे मला कळतं. म्हणून हे आधी इथे लिहून ठेवते आहे, ज्यांना अशा आपा भेटल्या असतील त्यांच्या साक्षीने. आपांचं हे ऋण मी फेडीन. करार राहो की जावो, त्यांना दिसतंय तोवर फेडीन. या सगळ्या लिखाणात मी त्यांचं पूर्ण नाव कुठेही दिलेलं नाही. विसरले म्हणून नाही. पहिले आडनाव, मग नाव, असं ते मी पहिल्यांदा लिहीन ते त्या रकान्यातच.